पुढचा नंबर कोणाचा? : अग्रक्रम-रांग आणि जवळच्या वाटेचा शोध

काही वर्षांपूर्वी हातकणंगले येथे शिक्षकांच्या एका मेळाव्यात बोलण्याचा योग आला होता. नकाशावरची सर्वांत जवळची वाट संगणक कशी शोधतो, हा विषय होता. व्याख्यान संपत आले, तेव्हा मागच्या रांगेतले एक गुरुजी उठले आणि म्हणाले, “सर, वाट शोधायची रीत १९५९ साली छापून आली असे तुम्ही सांगितले. संगणक तर तेव्हापासून कितीतरी पटींनी वेगवान झाला. मग त्यानंतरची साठ वर्षे ही मंडळी नेमके काय शोधत बसली?”

“यादी कशी ठेवायची ते,” आम्ही उत्तर दिले. सभागृहात हशा पिकला. गुरुजी मात्र हसले नाहीत. “यादीचं आम्हाला नका सांगू सर,” ते म्हणाले. “माझा आडसाली ऊस अठरा महिने उलटले तरी रानात उभा आहे. तुरे आलेत. चिटबॉय म्हणतोय, तुमचा नंबर खाली आहे.”

पुन्हा हशा झाला आणि चहाची वेळ झाल्याने विषय तिथेच राहिला. पण परतीच्या प्रवासात आमच्या लक्षात आले की गुरुजींनी नकळत विषयाच्या मर्मावरच बोट ठेवले होते. जवळच्या वाटेच्या शोधाचा इतिहास हा बऱ्याच अंशी ‘पुढचा नंबर कोणाचा?’ या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे. त्या दिवशी राहून गेलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

कारखान्याची यादी

साखर कारखान्याच्या गट कार्यालयात उसाच्या लागणीची नोंद असते. लागणीची तारीख, आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, उसाची जात, असे सर्व पाहून प्रत्येक नोंदीचा अग्रक्रम ठरतो. हंगाम सुरू झाला की रोज यादीतील सर्वांत पुढची नावे काढायची आणि त्या फडांवर तोडणीच्या टोळ्या पाठवायच्या. मधूनच एखादी राहून गेलेली नोंद यादीत घालावी लागते. आणि कधी एखाद्याच्या उसाला आग लागते. जळीत उसातील साखर झपाट्याने घटते, त्यामुळे तो ताबडतोब गाळावा लागतो. दरात कपात होते, पण त्याचा नंबर एकदम वर येतो.

म्हणजे यादीवर तीन प्रकारची कामे होतात. नवे नाव घालणे, सर्वांत पुढचे नाव काढणे आणि यादीत असलेल्या एखाद्या नावाचा नंबर पुढे आणणे. ही तीन कामे करू शकणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला संगणकशास्त्रात ‘प्रायॉरिटी क्यू’ म्हणतात. आपण तिला अग्रक्रम-रांग म्हणू. एस.टी.च्या खिडकीपुढच्या रांगेत जो आधी आला तो आधी सुटतो. अग्रक्रम-रांगेत आधी कोण आला याला महत्त्व नाही. ज्याचा आकडा सर्वांत लहान, तो आधी सुटतो.

या रांगेचा आणि वाट शोधण्याचा संबंध काय? तो समजण्यासाठी आपल्याला हॉलंडमध्ये १९५६ सालात जावे लागेल.

ॲमस्टरडॅममधील वीस मिनिटे

ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात त्या वर्षी ‘आर्मॅक’ नावाचा नवा संगणक तयार झाला होता. त्याच्या उद्घाटनाला येणारे पाहुणे गणिती नव्हते. त्यांना समजेल आणि पटेल असा एखादा प्रश्न यंत्राकडून सोडवून दाखवणे आवश्यक होते. हे काम एड्स्गर डायक्स्ट्रा या सव्वीस वर्षांच्या तरुणाकडे होते. हॉलंडमधील ६४ शहरे घ्यायची आणि कोणत्याही दोन शहरांमधील सर्वांत जवळची वाट यंत्राने सांगायची, असे त्यांनी ठरवले. शहरे ६४ च का? शहराचा क्रमांक सहा बिटांत मावावा म्हणून. स्मृती तेव्हा इतकी मोलाची होती.

एके दिवशी सकाळी डायक्स्ट्रा आपल्या वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला गेले होते. दमल्यावर दोघे एका उपाहारगृहाबाहेर कॉफी घेत बसले आणि तिथे सुमारे वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, त्यांनी ही रीत मनात जुळवली. अशी हकीकत त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितली आहे. रीत छापून आली ती तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, जेमतेम तीन पानांच्या टिपणात.

आपल्याकडेही हा काळ संगणकाच्या जन्माचाच होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संपूर्णपणे इथेच रचलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आज कोणत्याही साध्या मोबाइलवरचे एक छायाचित्रही त्यात बसणार नाही. अशा यंत्रांसाठी लिहिताना जागा वाचवणे हा पहिला धर्म होता.

हातकणंगल्याहून निघू

डायक्स्ट्रांची रीत आपल्या ओळखीच्या रस्त्यांवर पाहू. पुढील मिनिटे केवळ उदाहरणासाठी धरलेली आहेत. हातकणंगल्याहून पेठ वडगाव १८ मिनिटे, इचलकरंजी २०, शिरोली २५ आणि जयसिंगपूर ३०. शिवाय वडगाव ते शिरोली २०, इचलकरंजी ते जयसिंगपूर २५, इचलकरंजीहून थेट कोल्हापूर ५५, शिरोली ते कोल्हापूर १५ आणि जयसिंगपूर ते सांगली २०.

सुरुवातीला यादीत चार गावे आहेत, प्रत्येकापुढे आपापली मिनिटे. ही मिनिटे तात्पुरती आहेत, कारण अजून जवळची वाट सापडू शकते. आता सर्वांत लहान आकडा पाहा. वडगाव, १८. हा आकडा मात्र आता पक्का झाला. का? वडगावला दुसऱ्या कोणत्याही वाटेने जायचे तर आधी यादीतल्या एखाद्या दुसऱ्या गावी जावे लागेल, आणि तिथेच १८ हून जास्त मिनिटे संपतील. कोणत्याही रस्त्याला उणे वेळ लागत नाही, एवढेच यात गृहीत धरले आहे.

वडगाव यादीतून काढू. वडगाववरून शिरोली ३८ मिनिटे होते, पण आपल्याकडे २५ आधीच आहे, म्हणून बदल नाही. पुढचा लहान आकडा इचलकरंजी, २०. तेही पक्के. इचलकरंजीवरून जयसिंगपूर ४५ होते, त्याचा उपयोग नाही. पण कोल्हापूर प्रथमच दिसते आणि ७५ या आकड्याने यादीत येते. मग शिरोली, २५. शिरोलीवरून कोल्हापूर केवळ ४०. म्हणून यादीतील कोल्हापूरचे ७५ खोडून ४० लिहायचे. जळीत उसासारखा कोल्हापूरचा नंबर वर आला. पुढे जयसिंगपूर ३०, त्याच्यावरून सांगली ५०. मग कोल्हापूर ४० आणि शेवटी सांगली ५०. सर्व गावे पक्की झाली, काम संपले.

कारखान्याच्या यादीवरची तीनही कामे इथे आली. नवे गाव यादीत घातले, सर्वांत लहान आकड्याचे गाव काढले आणि असलेल्या गावाचा आकडा कमी केला. वाट शोधण्याचे बाकी काम म्हणजे साधी बेरीज. सगळा वेळ जातो तो यादी सांभाळण्यात.

वेगवान यंत्र पुरेसे का नाही?

डायक्स्ट्रांच्या १९५९ च्या टिपणात यादी कशी ठेवायची याची खास युक्ती नाही. दर वेळी सर्व तात्पुरते आकडे चाळून सर्वांत लहान शोधावा, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. गावे ६४ असतील तर यात काहीच बिघडत नाही. फार तर दोन हजारांच्या आसपास तुलना होतात.

आता महाराष्ट्र घेऊ. नुसती खेडीच चाळीस हजारांहून अधिक आहेत. हिशेबापुरती ४०,००० गावे धरली आणि यादी दर वेळी संपूर्ण चाळली, तर एका गावापासूनच्या सर्व वाटा काढायला ८० कोटी तुलना लागतील. गावे सहाशे पटींनी वाढली, पण काम सुमारे चार लाख पटींनी वाढले. शिवाय प्रश्न विचारणारा एकटा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली, हे या भागातील वाचकांना सांगायला नको. अशा वेळी ‘शिरोली ते कोल्हापूर १५ मिनिटे’ ही नोंद नकाशावरून पुसली जाते आणि दूध, औषधे, रुग्ण घेऊन निघालेल्या शेकडो वाहनांना एकाच वेळी नवी वाट हवी असते. यंत्राचा वेग वाढला तसे आपले प्रश्नही मोठे झाले, आणि ते यंत्राहून जास्त वेगाने मोठे झाले. गुरुजींच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर हे आहे.

मग यादी नीट चढत्या क्रमाने लावून ठेवली तर? सर्वांत लहान आकडा नेहमी शेंड्यावर मिळेल. पण नवे नाव आले की त्याची जागा करण्यासाठी खालची सगळी नावे एकेक घर सरकवावी लागतील. कोल्हापूर ७५ वरून ४० वर आले की पुन्हा तीच सरकवासरकव. पहिल्या पद्धतीत नाव काढणे महाग होते, इथे नाव घालणे महाग झाले.

या दोन टोकांच्या मध्ये काही आहे का? आपल्याला केवळ पहिला कोण हे हवे आहे. सदतीसावा आणि अडतीसावा यांच्यात पुढे कोण, हे आज ठरवायची गरजच काय? पुढच्या साठ वर्षांतील जवळजवळ प्रत्येक सुधारणा या एका विचारातून निघाली आहे.

ढीग : वर्गात करून पाहण्यासारखा

१९६४ मध्ये जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी आकडे क्रमाने लावण्याची एक नवी रीत प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी जी रचना वापरली तिला ‘हीप’ म्हणजे ढीग असे नाव आहे. त्याच वर्षी रॉबर्ट फ्लॉइड यांनी ती अधिक सुटसुटीत केली. ही रचना वर्गात किंवा मैदानावर सहज करून दाखवता येते.

पंधरा विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या आकड्यांची कार्डे द्या आणि १, २, ४, ८ अशा चार ओळींत उभे करा. प्रत्येकाच्या मागे दोन जण, असे हे झाड झाले. नियम एकच. कोणाचाही आकडा त्याच्या मागच्या दोघांहून मोठा असता कामा नये. भावंडांमध्ये लहान-मोठे कसेही चालेल. या नियमाने सर्वांत लहान आकडा आपोआप सर्वांत पुढे येतो. बाकी सर्व अर्धवट क्रमात असतात, आणि तेवढे आपल्याला पुरते.

आता पुढच्याला बाहेर काढा. मोकळ्या जागी शेवटच्या ओळीतील शेवटचा विद्यार्थी आणून उभा करा. त्याने आपल्या मागच्या दोघांशी कार्ड ताडून पाहावे. त्यांच्यातील लहान आकडा आपल्याहून लहान असेल तर त्याच्याशी जागा बदलावी आणि नव्या जागी पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त तीन अदलाबदलींत नियम पुन्हा लागू होतो. नवा विद्यार्थी आला तर त्याला शेवटी उभे करा आणि तो समोरच्याहून लहान असेपर्यंत त्याला एकेक ओळ पुढे येऊ द्या. कोणाचा आकडा कमी केला तर त्यानेही तसेच पुढे यायचे.

मुलांना विचारा, हजार विद्यार्थी असते तर? दर ओळीत संख्या दुप्पट होते, म्हणून दहा ओळी पुरतात आणि अदलाबदली नवाहून अधिक होत नाहीत. दहा लाख असते तर वीस ओळी, १९ अदलाबदली. लॉगॅरिथमचे सामर्थ्य दाखवणारा याहून सोपा प्रयोग आम्हाला ठाऊक नाही.

विल्यम्स यांच्या रचनेत आणखी एक गंमत आहे. संगणकात हे झाड काढण्यासाठी रेघा लागत नाहीत. सर्वांना सलग क्रमांक द्या. क्रमांक ६ च्या मागचे दोघे म्हणजे १२ आणि १३. उलट १३ च्या पुढचा कोण, तर १३ ला २ ने भागून बाकी सोडायची, म्हणजे ६. एका साध्या सलग यादीत संपूर्ण झाड मावते.

विल्यम्स वाट शोधत नव्हते. ढीग आणि डायक्स्ट्रांची रीत यांची सांगड पुढे अनेकांनी घातली. विरळ जाळ्यांसाठी, म्हणजे ज्यात प्रत्येक गावाला मोजकेच रस्ते फुटतात अशा जाळ्यांसाठी, तिची पद्धतशीर मांडणी डोनाल्ड जॉन्सन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या ४०,००० गावांना प्रत्येकी तीन रस्ते धरा आणि ढिगात १६ ओळी धरा. गाव काढताना दर ओळीला दोन तुलना, असे सुमारे १३ लाख. रस्त्यांचे १,२०,००० गुणिले १६, म्हणजे सुमारे १९ लाख. एकूण ३२ लाख. ८० कोटींच्या जागी ३२ लाख, म्हणजे अडीचशेपट बचत. यंत्र तेच, रस्ते तेच, बदलली फक्त यादी ठेवण्याची पद्धत.

अशा रचना भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत पोचवण्यात एलिस होरोवित्झ आणि सरताज साहनी यांच्या ‘फंडामेंटल्स ऑफ डेटा स्ट्रक्चर्स’ या १९७६ च्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. त्यातील साहनी यांचा जन्म १९४९ मधला, पुण्यातला.

आळसाची भिशी

वरच्या हिशेबात जास्त खर्च कोणत्या कामाचा आहे? आकडा कमी करण्याचा, कारण ते काम रस्त्यागणिक येऊ शकते. गाव यादीतून एकदाच निघते, पण त्याचा आकडा अनेकदा खोडावा लागू शकतो. रस्ते दाट असतील तर हा खर्च फारच वाढतो. मायकेल फ्रेडमन आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९८४ मध्ये यावर उपाय मांडला. सविस्तर निबंध १९८७ मध्ये आला.

त्यांचे सूत्र असे की जे आवरणे आज टाळता येते ते टाळावे. कोल्हापूरचा आकडा कमी झाला ना? मग त्याला एकेक ओळ वर चढवत बसू नका. झाडापासून तोडा आणि त्याच्या फांद्यांसह बाजूला ठेवून द्या. अशी सुटी झाडे साचू देत. पुढचे नाव काढायची वेळ आली की एकदाच सगळी झाडे जोडून घ्या.

पण आळसाने काम वाढत नाही का? याचा हिशेब भिशीसारखा आहे. प्रत्येक स्वस्त कामाच्या वेळी एखाद-दुसरा रुपया भिशीत टाकायचा. मोठी आवराआवर येते तेव्हा तिचा खर्च साचलेल्या पैशातून भागतो. एखादा दिवस महाग पडला तरी एकूण हंगामाचा खर्च मर्यादेतच राहतो. या हिशेबात आकडा कमी करण्याचा सरासरी खर्च गावांच्या संख्येवर अवलंबूनच राहत नाही. लॉगॅरिथमचा गुणक फक्त गावांना लागतो, रस्त्यांना लागत नाही.

तोडातोड बेसुमार होऊ नये म्हणून एक शिस्त लागते. एखाद्या गाठीचे एक मूल तुटले तर चालेल. दुसरे तुटले की ती गाठही आपल्या पालकापासून सुटी करायची. या शिस्तीत, मुळाला शून्य, एक, दोन, तीन मुले असतील तर झाडात किमान किती गाठी असतात हे मोजले की १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे येतात. म्हणून या रचनेला ‘फिबोनाची ढीग’ म्हणतात. मराठीच्या शिक्षकांना यात ओळखीचे काही सापडेल. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन मात्रा धरून एक, दोन, तीन, चार मात्रांचे चरण किती प्रकारे रचता येतात हे मोजले तरी हेच आकडे येतात. फिबोनाची यांचे पुस्तक १२०२ सालचे. त्याआधी बाराव्या शतकातच आचार्य हेमचंद्रांनी छंदशास्त्रात हे आकडे दिले होते.

व्यवहारात मात्र फिबोनाची ढीग फारसा वापरला जात नाही. त्याची बांधणी गुंतागुंतीची आहे आणि रस्त्यांचे जाळे पुरेसे दाट नसेल तर साधा ढीगच पुढे जातो. त्याचे महत्त्व, आकडा कमी करण्याचे काम इतके स्वस्त असू शकते हे त्याने सिद्ध केले, यात आहे.

टपालाचे खण

आतापर्यंतच्या सर्व युक्त्या दोन आकड्यांची तुलना करून चालत होत्या. पण मिनिटे पूर्णांकात असतील तर तुलना तरी कशाला? टपाल कार्यालयात पत्रे वेगळी करताना दोन पत्रे एकमेकांशी ताडून पाहत नाहीत. गावाचे नाव वाचून पत्र त्या खणात टाकतात. रॉबर्ट डायल यांनी १९६९ मध्ये हीच पद्धत वाटा शोधण्यासाठी दिली. १८ मिनिटांचे गाव १८ व्या खणात, २५ चे २५ व्या खणात, आणि खण क्रमाने पाहत जायचे. लहान आकड्यांसाठी ही पद्धत उत्तम आहे. अंतरे मोठी असली तर मात्र हजारो रिकामे खण उघडून पाहावे लागतात.

याला तोड निघाली १९९० मध्ये. रवींद्र आहुजा, कुर्ट मेलहॉर्न, जेम्स ऑर्लिन आणि टार्जन या चौघांनी ‘रॅडिक्स ढीग’ नावाची रचना वापरून जवळच्या वाटेच्या जलद रीती प्रसिद्ध केल्या. यांपैकी आहुजा हे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतले. कल्पना घरगुती आहे. उद्या करायच्या कामांची यादी आपण तासावार करतो, पुढच्या आठवड्याची दिवसावार आणि पुढच्या वर्षाची नुसती ‘दिवाळीनंतर’ अशी. तसेच इथे जवळच्या आकड्यांसाठी अरुंद खण आणि दूरच्यांसाठी दुप्पट-दुप्पट रुंद होत जाणारे खण ठेवले जातात. दूरच्या खणाची पाळी आली की त्यातील ऐवज तेव्हा बारीक खणांत वाटून घ्यायचा. ज्याची वेळ आली नाही त्याला क्रम लावायचा नाही, हा विचार इथे अगदी उघड दिसतो.

क्रम हवाच का?

डायक्स्ट्रांच्या रीतीत एक गोष्ट मात्र अटळ दिसत होती. गावे जवळून दूर या क्रमानेच पक्की होतात. रीत संपते तेव्हा, मागितला नसला तरी, सर्व गावांचा चढता क्रम हातात येतो. आणि निव्वळ तुलनांनी क्रम लावायला किती काम लागते याची खालची मर्यादा गणितात सिद्ध झालेली आहे. म्हणून कित्येक वर्षे असा समज होता की ही भिंत ओलांडता येणार नाही.

तिला पहिले मोठे खिंडार डेन्मार्कच्या मिकेल थोरुप यांनी पाडले. दोन्ही दिशांनी जाता येणारे रस्ते आणि पूर्णांकातील अंतरे असतील तर गावे क्रमाने न काढताही काम होते आणि वेळ रस्त्यांच्या संख्येच्या प्रमाणातच लागतो, हे त्यांनी १९९९ मध्ये दाखवले. एकेरी रस्ते आणि कोणतीही अंतरे यांचा सर्वसाधारण प्रश्न शिल्लक होता. २०२५ मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातील रान दुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरळ जाळ्यांपुरती ही भिंतही ओलांडली. त्यांची युक्ती अशी की यादी फार फुगली तर प्रत्येक गावाला नंबर देत बसायचे नाही. बेलमन आणि फोर्ड यांची १९५० च्या दशकातील जुनी, यादी न ठेवणारी रीत थोड्या पावलांपुरती चालवायची, त्यातून मोजकी महत्त्वाची गावे निवडायची आणि पुढचा हिशेब त्यांच्याच आधाराने करायचा.

याच्या आदल्याच वर्षी, २०२४ मध्ये, बर्नहार्ड हॉयप्लर, टार्जन आणि इतरांनी याला पूरक असा दुसरा निष्कर्ष मांडला होता. गावांचा अंतरानुसार क्रमही हवा असेल, तर योग्य ढीग वापरलेली डायक्स्ट्रांची रीत कोणत्याही जाळ्यावर जवळजवळ सर्वोत्तमच आहे. दोन निष्कर्षांत विरोध नाही. फक्त अंतरे हवी असतील तर आणखी वाचवता येते. क्रमही हवा असेल तर त्याची किंमत मोजावी लागते. उपाहारगृहाबाहेर वीस मिनिटांत सुचलेली रीत नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तम उत्तर आहे, हे कळायला अडुसष्ट वर्षे लागली.

गुरुजींच्या उसाचे काय?

आता गुरुजींना पूर्ण उत्तर देता येईल. ती मंडळी साठ वर्षे यादीच ठेवत होती, पण दर वेळी विचारत होती की यातील किती क्रम खरोखर आवश्यक आहे. जेवढा आवश्यक नव्हता तेवढा लावण्याचे श्रम वाचले आणि ६४ शहरांसाठी जुळवलेली रीत लक्षावधी चौकांच्या नकाशांपर्यंत पोचली.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी सांगायला हवी होती असे आम्हाला आज वाटते. ढीग साधा असो वा फिबोनाचीचा, तो प्रत्येक नावापुढचा आकडा जसा दिला तसा स्वीकारतो. लहान आकड्याला पुढे काढणे एवढेच त्याला कळते. गावांच्या बाबतीत आकडा रस्ता ठरवतो, त्यात कोणाचा हात नसतो. उसाच्या यादीत आकडा माणूस लिहितो. लागणीची तारीख खरी आहे का, नंबर कोणत्या नियमाने लागला, मधेच कोणाचा आकडा कमी झाला आणि तो खरोखर जळिताने झाला का, हे प्रश्न रांगेच्या बाहेरचे आहेत. संगणकाने यादी केली म्हणून ती बरोबर झाली, असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा यादी कोणत्या रचनेत ठेवली हे विचारण्याआधी आकडे कोणी आणि कशावरून लिहिले, हे विचारायला हवे. पंधरा विद्यार्थ्यांचा ढीग करून झाला की एक कार्ड मुद्दाम गुपचूप बदलून पाहावे. रांग त्या विद्यार्थ्याला बिनतक्रार पुढे आणते. ते पाहिलेला विद्यार्थी हा फरक सहसा विसरणार नाही.